नुसत्या हातमोज्यांनी भागत नाही

आमच्या सोसायटीत बागेचं काम करणाऱ्या मामांच्या पापण्या पावसाळा आला की जाड व्हायच्या. मान काळवंडायची, कोपराच्या खोबणीत खाजवून खाजवून चिरा पडायच्या. "उन्हाची ॲलर्जी आहे ताई, दिवाळीनंतर जाते," असं सांगून ते मेडिकलमधून आणलेलं मलम चोळत राहायचे. यंदा मीच त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी चेहरा बघितला, मग मामांचा कान पुढे वाकवून मागची कातडी बघितली, हनुवटी वर करायला लावून खालचा भाग बघितला. तिथंही तेच चट्टे. कानामागे आणि हनुवटीखाली ऊन पडत नाही. तिथं पोचते ती हवेतून उडणारी धूळ. डॉक्टरांचा पुढचा प्रश्न होता, "गवत कुठलं उपटता?"

उत्तर होतं गाजरगवत. पुण्यात कित्येक जण त्याला काँग्रेस गवत म्हणतात. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात त्याच्याकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते पुण्यातच, १९५५च्या सुमारास. पीएल-४८० या अमेरिकेच्या धान्यमदत योजनेतल्या गव्हाबरोबर ते आलं, ही गोष्ट घरोघरी सांगितली जाते. पण भारताशी तो करार झाला १९५६ साली, त्यामुळे तारखा काही जुळत नाहीत. कसंही आलेलं असो, एकेका झाडाला हजारो बिया धरतात आणि बांधकामाची वाट बघत पडून असलेला मोकळा प्लॉट त्याला फार मानवतो.

या झाडाच्या अंगावर बारीक लव असते आणि त्या लवेत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. त्याचा रेणू इतका छोटा, की शरीराच्या संरक्षक पेशी एकट्या रेणूची दखलही घेत नाहीत. पण तो कातडीतल्या प्रथिनाला चिकटतो आणि मग शरीराला आपलंच प्रथिन परकं वाटू लागतं. संरक्षक पेशींपैकी टी पेशी ही ओळख लक्षात ठेवतात. हे सगळं व्हायला महिने लागतात, कधी कधी वर्षंही. तोवर माणूस उघड्या हातांनी गवत उपटतो, त्याला काहीही होत नाही आणि "मला नाही बाधत" अशी त्याची खात्री पटते. एकदा का पेशींना ओळख पटली, की थोडीशी धूळही पुरते.

घोटाळा होतो तो वेळेचा. मधमाशी चावली की लगेच कळतं. ही ॲलर्जी मात्र उशिरा उठणारी आहे, एक-दोन दिवसांनी. सोमवारी गवत उपटलं तर खाज सुटणार बुधवारी, आणि बुधवारी मामा लॉनला पाणी घालत होते, उन्हात. मग दोष उन्हाला जातो. त्यात गवत वाळलं तरी पार्थेनिन टिकून राहतं, त्यामुळे वाळलेला ढीग झाडतानाही त्रास होतोच. गवत कापायच्या मशीननं तर झाडाचा भुगा थेट तोंडावर आणि मानेवर उडतो.

मला सगळ्यात वाईट वाटलं ते पुढचं ऐकून. गाजरगवत आणि शेवंती एकाच कुळातली. दोन्हींतली रसायनं एकमेकांसारखी असल्यामुळे गाजरगवतानं बाधित झालेल्या माणसाला शेवंतीही सोसेनाशी होऊ शकते. मामा दर वर्षी दसऱ्यासाठी शेवंतीच्या कुंड्या तयार करतात. त्यांच्या हाताला शेवंती जशी येते तशी आमच्याकडे कुणाच्याच हाताला येत नाही.

कातडी म्हणजे भिंत, बाहेरचं बाहेर ठेवणारी, असं आपण धरून चालतो. बागकामात हा समज महागात पडतो, आणि सर्वात महाग पडतो फवारणीत. आपण कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो. "गुलाबाला औषध मारलं का?" हा शब्द मला खटकतो, कारण औषधाला कोण घाबरतो? मामांना मी ते काडीनं नव्हे, हातानं ढवळताना पाहिलं आहे.

१९७१ साली अमेरिकेतले त्वचाशास्त्रज्ञ हॉवर्ड मायबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पॅराथिऑन या कीटकनाशकाला किरणोत्सारी खूण करून त्याची अगदी अल्प मात्रा त्यांनी माणसांच्या अंगावर वेगवेगळ्या जागी लावली आणि लघवीतून किती बाहेर पडतं यावरून किती आत गेलं ते काढलं. कोपर ते मनगट या भागातून सुमारे ९ टक्के, तळहातातून १२, कपाळातून ३६, काखेतून ६४ टक्के. वृषणाच्या कातडीतून तर जवळजवळ सगळंच.

हे आकडे घेऊन फवारणी करणाऱ्या माणसाकडे बघा. पाठीवरच्या पंपाचं झाकण नीट बसत नाही, वायसर झिजलेला असतो. द्रावण ठिबकत पाठीवरून कमरेला आणि तिथून पँटीत उतरतं. कपाळाचा घाम पुसायला तोच ओला हात वर जातो. तळहात म्हणजे त्यातल्या त्यात भक्कम जागा, आणि आपण हातमोजे तेवढे देऊन मोकळे होतो. हातमोजे हवेतच, रबराचे हवेत, सुती नकोत कारण सुती मोजा द्रावण शोषून कातडीला धरून ठेवतो. पण पाठीवर प्लास्टिकचा कपडा आणि न गळणारा पंप याची गरज त्याहून मोठी आहे. उकाड्यात, घामानं भिजलेल्या कातडीतून आणखी जास्त आत जातं, म्हणून फवारणी सकाळी लवकर आणि वारा पडलेला असताना करावी.

आत गेल्यावर काय होतं? मेंदूचा निरोप स्नायूला पोचवायला ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन लागतं आणि काम झालं की एक विकर (एन्झाइम) ते पुसून टाकतं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं त्या विकरालाच अडकवून ठेवतात. निरोप पुसलाच जात नाही. डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, दरदरून घाम, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, स्नायू फडफडतात, शेवटी श्वास अडकतो. अशी लक्षणं दिसली तर कपडे उतरवून साबणानं अंग धुवावं आणि बाटलीसकट दवाखाना गाठावा. नाव कळलं की डॉक्टरांना ॲट्रोपीन, म्हणजे या विषावरचा उतारा, द्यायचा की नाही ते ठरवता येतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं दगावली. सगळीच कीटकनाशकं इतकी जहाल नसतात. बाटलीवरचा त्रिकोण बघावा: लाल सर्वात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. कुंड्यांतल्या माव्यासाठी लाल त्रिकोणाची बाटली आणायचं काहीही कारण नाही.

रुईचंही सांगायला हवं, कारण मारुतीसाठी पानं तोडायला आपण सगळेच हात घालतो. तिचा चीक डोळ्यात गेला तर फारसं दुखत नाही, नुसतं धूसर दिसतं. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो आणि बुबुळाच्या आतल्या थराला इजा होत राहते. लगेच पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवावं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. गुलाबाचा काटा खोल रुतला किंवा खुरपं लागलं तर धनुर्वाताचं टीडी इंजेक्शन पाच वर्षांत घेतलं आहे का, हे आधी विचारावं.

आमच्याकडे खरी अडचण निघाली ती वेगळीच. फवारणी करून मामा त्याच कपड्यांनी बसमध्ये बसायचे, तासाभरानं घरी पोचायचे आणि नातवाला कडेवर घ्यायचे. सोसायटीत त्यांना अंघोळीला जागा नव्हती. सभेत दोनदा बोलल्यावर पंपघराशेजारची मोरी मिळाली; तिथं साबण, बादली आणि दाराला कडी आहे. मामा आता दुसरा सदरा पिशवीत घेऊन येतात आणि फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळत नाहीत. शेवंतीच्या कुंड्या यंदा त्यांचा पुतण्या भरतो आहे, मामा लांब बसून सांगतात. शेजारच्या प्लॉटवरचं गाजरगवत फुलायच्या आत, ओल्या मातीत मुळासकट काढायला हवं होतं. मालकाला दोन पत्रं गेली आहेत, आणि गवताला पांढऱ्या कळ्या आल्या आहेत.