घडीचा चाकू (पारंपरिक) : पारख व संग्रह

पाते मुठीच्या खोबणीत मिटते, मिटलेले किंवा उघडलेले पाते पाठीच्या कमानीच्या दाबावर जागी राहते आणि ज्याला वेगळे कुलूप नसते, असा खिशात मावणारा चाकू. या रचनेला स्लिपजॉइंट म्हणतात आणि संग्राहक ‘पारंपरिक’ हे विशेषण मुख्यतः तिलाच लावतात. फ्रान्समधला लाग्योल याच कुळातला. जपानच्या हिगोनोकामीत कमानच नसते, पाते नुसत्या घर्षणावर टिकते. ओपिनेल (फ्रान्समधला साव्हॉय प्रांत, १८९०) मुळात तसाच. त्याच्या मानेवरची फिरती कडी १९५५ मध्ये आली. तुर्की भाषेत आजही ‘चाकी’ म्हणजे घडीचाच चाकू. मराठीत मात्र ‘चाकू’ म्हटले की घडी असेलच असे नाही. इंग्रजीतला पेननाइफ पिसाची लेखणी तासायचा होता, जसा आपल्याकडे बोरूला चाकू लागे.

रचना : दोन बाजूंना पितळेचे किंवा जर्मन सिल्व्हरचे पातळ पत्रे (लायनर), त्यांच्यामध्ये पाते आणि कमान, टोकांना धातूच्या टोप्या (बोल्स्टर), त्यांच्यामधल्या जागेत हाड, शिंग, लाकूड किंवा कृत्रिम द्रव्याच्या फळ्या, आणि हे सगळे आरपार ठोकलेल्या रिवीटांनी बांधलेले. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण आहे. फळीवर बसवलेली छोटी धातूची पट्टी म्हणजे शील्ड. पात्याच्या पाठीजवळची खाच नखासाठी असते.

कसब सारे पात्याच्या बुडात, म्हणजे टँगमध्ये. टँगची पाठ चौकोनी घासलेली असेल तर पाते उघडताना काटकोनात एकदा थांबते (हाफ-स्टॉप). गोल असेल तर सलग फिरते. टँगच्या पोटाला एक उंचवटा असतो, त्याला किक म्हणतात. पाते मिटल्यावर किक कमानीवर टेकते आणि धार अधांतरी राहते. किक झिजली किंवा कोणी कानशीने उतरवली की धार कमानीवर आपटते आणि मिटण्याच्या प्रत्येक खेपेला एकाच जागी बोथट होते. धार लावून हा दोष जात नाही. कमान पात्यापेक्षा मऊ ठेवतात, कारण तिला हजारो वेळा वाकून परत यायचे असते. फार कडक राहिली तर ती मोडते, आणि मोडते ती बहुधा मधल्या रिवीटाच्या भोकाशी. एका कमानीवर दोन पाती असतील तर ती मिटताना एकमेकांवर घासू नयेत म्हणून बुडाजवळ किंचित बाजूला वाकवतात. हे काम डोळ्याच्या अंदाजाने होते आणि स्वस्त मालात सगळ्यात आधी इथेच हयगय दिसते.

घाट : आकाराच्या प्रत्येक वळणाला नाव आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डचा बार्लो १७ व्या शतकापासूनचा. एका टोकाला लांबलचक बोल्स्टर ही त्याची खूण. तो लांब ठेवण्याचे कारण मजबुती, कारण सगळा जोर सांध्यावर येतो. स्टॉकमनमध्ये तीन पाती : टोकदार क्लिप, सरळ धारेचे शीप्सफूट आणि बोथट टोकाचे स्पे. स्पे हे गुरांच्या खच्चीकरणासाठी. आत चुकून भोसकले जाऊ नये म्हणून त्याला टोक नाही. ट्रॅपरमध्ये क्लिप आणि स्पे दोन्ही लांब, एकाच टोकाला. व्हिटलरची रचना सर्वांत देखणी : तीन पाती, दोन कमानी, आणि जाडजूड मुख्य पाते एका वेळी दोन्ही कमानींवर टेकलेले. त्या दोन कमानी मुख्य पात्याखाली एका पातळीत नसतील तर चाकू कितीही जुना असो, कारागिरी दुय्यमच. माप नेहमी मिटलेल्या अवस्थेत सांगतात.

पारख : अनुभवी हात आधी चाकू उघडत नाही. मिटलेला चाकू उजेडासमोर धरून कमान आणि लायनर यांच्यामधून प्रकाश दिसतो का, हे आधी पाहतात. मग पाठीवरून नख फिरवतात. मिटलेले, काटकोनात थांबलेले आणि पूर्ण उघडलेले या तिन्ही अवस्थांत कमान पाठीशी सपाट असेल तर काम अव्वल. नंतर उघडझाप. त्यातल्या चालीला आणि आवाजाला अमेरिकेत ‘वॉक अँड टॉक’ म्हणतात. शेवटचे थोडे अंतर पाते स्वतःहून ओढले जावे आणि स्वच्छ टक् असा आवाज यावा. ‘ठप्’ आला तर सांध्यात वाळलेले तेल आणि धूळ असते, किंवा कमान थकलेली असते. पहिल्याला इलाज आहे, दुसऱ्याला नाही. उघडे पाते टोकाशी धरून डावीउजवीकडे हलवावे. किंचितही खेळ असेल तर रिवीट सैल झाले आहे. ते हातोडीने ठोकून घट्ट करता येते, पण त्या ठोक्याच्या खुणा बोल्स्टरवर राहतात आणि पुढच्या ग्राहकाला दिसतात.

नखाने उघडायला लागणारा जोर १ ते १० मध्ये सांगण्याची रीत आहे. ५ ते ६ सोयीचा. ८ च्या वरच्याला नख मोडणारा म्हणतात. फार ताठ कमान म्हणजे उत्तम चाकू हा नवशिक्यांचा समज चुकीचा आहे.

जुन्या चाकूंबाबत एकच प्रश्न शेवटपर्यंत धरून ठेवावा : याचे सगळे भाग एका वयाचे आहेत का? बोल्स्टर झिजून गुळगुळीत पण टँगवरचा ठसा (कारखान्याची खूण) कोरा करकरीत. हाड पिवळसर पण रिवीटाची डोकी चकचकीत. पाते मूळ रुंदीचे पण नखखाच अर्धी पुसट. किंवा दोन पात्यांपैकी एकावरच काळपट छटा. यातले काहीही दिसले की चाकू उघडून पुन्हा जोडला आहे, पाते बदलले आहे किंवा यंत्रावर घासून पॉलिश केले आहे. चकचकीत पॉलिशने गंजापेक्षा जास्त चाकू वाया गेले आहेत. गंज एखादा ठिपका खातो. पॉलिशचे चाक ठसा, कडा आणि कारखान्याच्या घासकामाच्या बारीक रेघा एकदमच खाऊन टाकते. कधीच धार न लावलेल्या, खिशात न वागवलेल्या चाकूला ‘मिंट’ म्हणतात. एकदा सहाणेवर गेलेला मिंट राहत नाही, धार कितीही सफाईने लावलेली असो.

ठसे व कालनिश्चिती : टँगवरचा ठसा म्हणजे चाकूची जन्मपत्रिका, पण ती खोटीही असू शकते. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या घराण्याची खूण तारा आणि माल्टीज क्रॉस, १६८२ ची. त्यांच्या ठशातल्या राजमुकुटाशेजारी ‘व्ही आर’ असेल तर व्हिक्टोरियाची कारकीर्द (१८३७–१९०१), ‘जी आर’ असेल तर कोणा जॉर्ज राजाची. अमेरिकेत विकायच्या मालावर देशाचे नाव घालणे १८९१ पासून सक्तीचे झाले, म्हणून ‘जर्मनी’ किंवा ‘इंग्लंड’ लिहिलेला चाकू साधारण त्यानंतरचा धरतात. स्टेनलेस पोलाद शेफील्डला हॅरी ब्रेअरलीने १९१३ मध्ये सिद्ध केले. तेव्हा व्हिक्टोरियाकालीन म्हणून समोर आलेल्या चाकूवर ‘स्टेनलेस’ असेल तर बोलणे तिथेच संपते.

पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या केस कंपनीची पद्धत सर्वांत सोपी, आणि तिच्या चाकूंचा संग्रह इतका फोफावण्याचे तेही एक कारण. १९२० ते १९४० ‘केस टेस्टेड एक्सएक्स’, १९४० ते १९६४ ‘केस एक्सएक्स’, १९६५ ते १९६९ त्याखाली ‘यूएसए’. १९७० मध्ये दहा ठिपके आले आणि दरवर्षी एक कमी होत गेला. १९७९ ला एक उरला. १९८० मध्ये पुन्हा दहा, पण नावातले एस अक्षर विजेच्या रेघेसारखे, म्हणून गोंधळ होत नाही. नमुना क्रमांकही बोलका असतो. ६२५४ हा घ्या : ६ म्हणजे खोदकाम केलेले हाड, २ म्हणजे दोन पाती, ५४ म्हणजे ट्रॅपरचा घाट. ५ ने सुरू झाला तर मूठ शिंगाची. चाकूच्या मुठीवर हाड आहे आणि टँगवर ५२५४ आहे, तर पाते किंवा मूठ यांपैकी एक पाहुणे आहे.

बनावट ठसे महागड्या नावांवरच मारलेले असतात : केस टेस्टेड, आणि बंदुकांच्या कारखान्यांपैकी विंचेस्टर व काडतुसाच्या आकाराची शील्ड असलेले रेमिंग्टन. रेमिंग्टनचे मूळ चाकू-उत्पादन १९२० ते १९४० एवढेच. आर ११२३ हा नमुना १९८२ मध्ये नव्याने काढला गेला, आणि नवा चाकू मळवून जुना म्हणून खपवणे कठीण नाही. खरा जुना ठसा भट्टीत जाण्याआधी मारलेला असतो, म्हणून अक्षरांच्या तळाशीही बाजूच्या पोलादासारखाच जुना रंग असतो. नंतर आम्लाने किंवा कोरून उठवलेल्या अक्षरांच्या कडा १० पट भिंगाखाली खरखरीत किंवा उथळ दिसतात.

मुठी : हाड बहुतेक गुरांच्या नळीचे, खाचा पाडून रंगवलेले. भिंगाखाली त्यात बारीक काळे ठिपके आणि रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. अमेरिकी कारखान्यांत १९६० च्या दशकापासून आलेल्या डेल्रिन प्लास्टिकमध्ये त्या नसतात, तेव्हा दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा म्हटलेल्या चाकूला डेल्रिनची मूठ असणे शक्य नाही. शिंगांमध्ये मान सांबराच्या शिंगाला, कारण त्याचा गाभा भरीव असतो. शेफील्डला ते भारतातूनच जाई. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात बंद केली आणि जुन्या साठ्यातल्या शिंगाचे भाव चढले. भारतातल्या संग्राहकाने मात्र सांबरशिंग आणि हस्तिदंत यांच्या मुठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चा विचार केल्याशिवाय घेऊ-विकू नयेत. वस्तू जुनी आहे एवढ्याने ती कायद्याबाहेर जात नाही.

सेल्युलॉइडच्या मुठी दिसायला सर्वांत सुंदर आणि वागायला सर्वांत वाईट. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचे हे मिश्रण. अंगठ्याने जोरात चोळून नाकाशी नेले की कापराचा वास येतो, हीच ओळख. तापलेल्या सुईची परीक्षा इथे करू नये, ते भडकन पेटते. वय झाले की त्यातून आम्लधर्मी वायू सुटतो. आधी मूठ आकसते आणि तिला भेगा पडतात, मग लगतचे पाते गंजते, नंतर त्याच खोक्यातले शेजारचे चाकूही. एका चाकूच्या पात्यावर मुठीलगतच गंज उठलेला दिसला की तो तातडीने वेगळा काढून हवेशीर जागी ठेवावा.

निगा : कार्बन पोलादाचे पाते (उदा. १०९५, सुमारे ०.९५ टक्के कार्बन) कैरी किंवा लिंबू कापल्यावर काही मिनिटांत निळसर काळे पडते. हा पॅटिना, तो गंज नव्हे, उलट थोडा आडोसाच देतो. वापरातल्या चाकूवर तो शोभतो. संग्रहातल्या चाकूवर मुद्दाम चढवू नये. लाल गंज मात्र लगेच काढावा : तेलाचा थेंब टाकून दिवसभर ठेवावे, मग पितळेच्या किंवा तांब्याच्या तुकड्याच्या कडेने खरवडावे. पोलादापेक्षा मऊ असल्याने ओरखडा उठत नाही.

वापरातल्या चाकूचा सांधा कोमट साबणपाण्यात, पाते उघडझाप करत, जुन्या दातब्रशने धुवावा. हाडाची मूठ भिजत ठेवू नये. पूर्ण सुकल्यावर सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. गोडेतेल काही महिन्यांत चिकट होते, खोबरेल थंडीत थिजते. धार लावताना दर बाजूला १५ ते २० अंश, १००० ग्रिटच्या (कणांच्या बारीकपणाचे माप) दगडावर, शेवटी चामड्यावर. दगडाच्या कडेने बुडाजवळची धार खोलगट खाल्ली जाते आणि मग तेवढा भाग पाटावर टेकतच नाही. ही चूक जवळपास प्रत्येक जुन्या चाकूवर दिसते.

चामड्याच्या म्यानात चाकू साठवू नये. कमावलेल्या चामड्यातली आम्ले आणि ओल यांनी पितळेवर हिरवा कळंक चढतो, पोलादाला खड्डे पडतात. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात आणि त्या वरचेवर तापवून सुकवाव्यात. मराठवाड्या-विदर्भातल्या उन्हाळ्यात उलटी अडचण : हाड आणि लाकूड आकसते, रिवीटापासून केसासारखी भेग निघते. तिथे फळ्यांवर खनिज तेलाचा पातळ हात पुरतो.

भारतात : आपल्याकडे घडीचा चाकू म्हटले की रामपुरी आठवतो. उत्तर प्रदेशातल्या रामपूर या नबाबी संस्थानच्या गावी होणारा हा चाकू लांब पात्याचा, खटक्याने पक्का होणारा, म्हणजे स्लिपजॉइंट नव्हे. हिंदी चित्रपटाने त्याला गुंडाच्या हातात दिले आणि कारागिरीची चर्चा मागे पडली. १९९० च्या दशकात तिथल्या सरकारने साडेचार इंचांपेक्षा लांब पात्यांवर बंदी आणली. २०२३ मध्ये गावच्या चौकात सुमारे ६ मीटर लांबीचा चाकू उभारला गेला.

शस्त्रविषयक नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पाते धारदार शस्त्रांत मोडते. घरगुती, शेतीच्या वा औद्योगिक कामाची हत्यारे त्यातून वगळली आहेत. साधा स्लिपजॉइंट या मापाच्या पुष्कळ खाली राहतो. तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीच्या काळात चाकू बाळगण्यासही मनाई होऊ शकते. ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंतच्या धारेचा, कुलूप नसलेला घडीचा चाकू सबबीशिवाय खिशात चालतो. तिथे राहणाऱ्याने हे माप धारेचे आहे हे लक्षात ठेवावे, मिटलेल्या चाकूचे नव्हे. विमानप्रवासात तो नेहमी चेक-इन सामानात.