पाठ झालेला विनोद पुन्हा का हसवतो?

विनोदाचं मर्म अनपेक्षितपणात असतं, असं विनोदाचे बहुतेक अभ्यासक मानतात. ऐकणारा एक अर्थ लावत जातो, शेवटच्या शब्दाला तो अर्थ फिरतो आणि हसू फुटतं. हे खरं असेल तर एकदा ऐकलेला विनोद दुसऱ्यांदा फिका पडायला हवा. चुटका तसा पडतोही. मग ‘अशी ही बनवाबनवी’चं काय करायचं? पुण्यात भाड्याच्या जागेसाठी चाललेल्या खटपटीचा हा गाण्यांनी भरलेला सिनेमा १९८८ साली आला. आजही टीव्हीवर लागला की घरातलं कुणी ना कुणी हातातलं काम ठेवून समोर बसतं. धनंजय माने कुठे राहतात याची चौकशी करणारं ते वाक्य पडद्यावरच्या माणसाच्या आधी सोफ्यावरचा माणूस म्हणून टाकतो आणि तरी सगळे खळखळून हसतात. पुढे काय होणार हे त्या खोलीत प्रत्येकाला माहीत असतं.

या कोड्यासाठी मी संगीताच्या संशोधनाकडे जाईन. २०११ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलोरी सालिमपूर आणि रॉबर्ट झटोरे यांच्या गटाने काही लोकांना, ज्याने आपल्या अंगावर काटा येतो असं स्वतःच्या आवडीचं संगीत ऐकवलं आणि मेंदूत डोपामीन हे आनंदाशी जोडलेलं रसायन कुठे व कधी सुटतं ते पाहिलं. ते दोन टप्प्यांत सुटलं. आवडती जागा आली तेव्हा न्यूक्लियस अक्युंबन्स या भागात, आणि त्याच्या काही सेकंद आधी, ती जागा आता येणार अशी चाहूल लागताच, कॉडेट या भागात. म्हणजे वाट पाहण्याचाही एक वेगळा आनंद असतो आणि तो, ज्याला चीज ओळखीची आहे, त्यालाच पुरेपूर मिळतो. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात बसणाऱ्यांना हे सांगायला नको. तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तोच तुकडा, सुरू झाली की ती समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडणार हे सगळ्यांना कळलेलं असतं, माना आधीच डोलू लागतात, आणि दाद मिळते ती बरोबर समेला.

पण संवाद म्हणजे काही गाणं नव्हे, असं कुणी म्हणेल. इथे मला संगीताच्या मानसशास्त्राच्या अभ्यासक डायना डॉइच यांचा शोध फार महत्त्वाचा वाटतो. १९९५ साली त्या आपल्याच आवाजातलं ध्वनिमुद्रण तपासत होत्या. साध्या बोलण्यातला एक तुकडा यंत्रावर पुन्हा पुन्हा वाजत राहिला आणि थोड्या वेळाने तो त्यांना चक्क गायल्यासारखा ऐकू येऊ लागला. आवाजात काहीही बदललं नव्हतं. पुढे त्यांनी इतरांवर प्रयोग केले, त्यांनाही तेच जाणवलं. मात्र एक अट होती: तुकडा दर वेळी हुबेहूब तोच हवा. स्वर जरासे वरखाली केले की बोलणं बोलणंच राहतं.

ही अट सिनेमा पुरी करतो. नाटकात प्रत्येक प्रयोगाला नट वाक्य थोडं वेगळं टाकतो, कधी प्रेक्षक पाहून थांबतो, कधी पुढे रेटतो. सिनेमातलं वाक्य एकदा मुद्रित झालं की त्याची पट्टी, त्यातला विराम, कुठल्या शब्दावर जोर, सगळं कायमचं ठरून जातं. डॉइच यांच्या प्रयोगात तुकडा लागोपाठ ऐकवला होता. आपण सिनेमा महिन्यांच्या, वर्षांच्या अंतराने पाहतो. त्यामुळे दोन्हींत तंतोतंत तेच घडतं असा दावा मी करणार नाही. पण लोक ही वाक्यं जेव्हा म्हणून दाखवतात तेव्हा नुसते शब्द म्हणत नाहीत, चालीसकट म्हणतात. चाल चुकली तर बाजूचा लगेच दुरुस्त करतो.

आणि हसणं? तेही तालातच असतं. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी हसण्याचे आवाज मोजले. एक ‘हा’ सुमारे ७५ मिलिसेकंदांचा, आणि एका ‘हा’पासून पुढच्या ‘हा’पर्यंत सुमारे २१० मिलिसेकंद. सेकंदाला जवळपास पाच ठोके. बोलणारा माणूस वाक्याच्या मधोमध सहसा हसत नाही, विरामाच्या जागी हसतो, हेही त्यांनी दाखवलं. चांगला विनोदी नट ती जागा राखून ठेवतो. १९८९च्या एका अभ्यासात तर, टीव्ही, रेडिओ, वाचन असं काही सोबत नसताना, माणसं एकटी असण्यापेक्षा चारचौघांत सुमारे तीसपट जास्त हसतात असं त्यांना आढळलं. म्हणून असा सिनेमा एकट्याने मोबाइलवर पाहण्यात निम्मी मजा जाते असं माझं ठाम मत आहे.

गाण्यांचं काम आणखी वेगळं. सिनेमा वर्षातून एकदा दिसेल, गाणं मात्र अधूनमधून रेडिओवर, रिक्षात, लग्नाच्या वाद्यवृंदात कानावर पडत राहतं. एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली मांडलं. गाणी सिनेमाची ही ओळख ताजी ठेवतात. पुलंच्या ‘गुळाचा गणपती’ची (१९५३) गोष्ट न आठवणाऱ्यालाही भीमसेन जोशींनी त्यात गायलेलं ‘इंद्रायणी काठी’ माहीत असतं, आणि त्या धाग्याने माणूस कधीतरी सिनेमापर्यंत पोचतो.

हे सगळं वेळेच्या इतक्या बारीक हिशोबावर उभं असल्यामुळे जुन्या प्रती जपणं मला फार निकडीचं वाटतं. बोलपटाच्या फिल्मवर सेकंदाला २४ चौकटी धावतात. प्रत तुटली की जोडताना दोनचार चौकटी जातात. पाच गेल्या तर गेले सुमारे २०८ मिलिसेकंद, म्हणजे हसण्याचा जवळजवळ एक पूर्ण ठोका. शिवाय ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर ध्वनीची पट्टी चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे छापलेली असते. त्यामुळे एकाच सांध्यावर चित्र एकदा अडखळतं आणि आवाज साधारण सेकंदभराच्या फरकाने दुसऱ्यांदा. एवढ्यात विनोदाची जागा हुकते. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, तिथे जुन्या फिल्मवर चौकटीगणिक काम चालतं. त्यात पौराणिक आणि सामाजिक चित्रपटांइतकाच मान जुन्या संगीतमय विनोदी चित्रपटांच्या ध्वनिपट्टीला मिळायला हवा.