क्षयाच्या औषधाबरोबरची ती छोटी गोळी

क्षयाच्या औषधांच्या पाकिटासोबत ब-६ जीवनसत्त्वाची एक छोटी गोळीही हातावर ठेवतात. घरी गेल्यावर ती 'ताकदीची' ठरते आणि पहिल्यांदा तीच बुडते. ती तिथे कशी आली, ते ऐकण्यासारखं आहे.

पाकिटातल्या औषधांपैकी आयसोनायझिड हे रसायन प्रागमध्ये १९१२ सालीच तयार झालं होतं. ते क्षयाच्या जंतूंवर जालीम आहे हे कळायला १९५२ उजाडलं, आणि तेही एकदम तीन कंपन्यांना! रसायन जुनंच, त्यामुळे पेटंट कुणालाच मिळालं नाही आणि गोळी स्वस्त राहिली. पण थोड्याच दिवसांत काही रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तळपायांची आग होऊ लागली. तेवढीच मात्रा घेणारा शेजारच्या खाटेवरचा माणूस मात्र ठणठणीत.

उलगडा झाला लघवीच्या तपासणीतून. गोळी आतड्यातून रक्तात आणि रक्तातून यकृतात पोचते. तिथलं एक विकर (एन्झाइम) तिला अ‍ॅसिटिल या छोट्या रासायनिक गटाचं शेपूट चिकटवून निकामी करतं, मग मूत्रपिंडं तिला बाहेर काढतात. ज्यांचं विकर चपळ, त्यांच्या रक्तातलं औषध तास-दीड तासात निम्म्यावर येतं. संथवाल्यांना तीन तास किंवा जास्तच लागतात. आग व्हायची ती मुख्यतः या संथवाल्यांच्या तळपायांची, कारण अंगात रेंगाळणारं आयसोनायझिड ब-६ खाऊन टाकतं. संथपणा आईबाप दोघांकडून यावा लागतो, हे प्राइस इव्हान्स या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये कुटुंबंच्या कुटुंबं तपासून दाखवलं. जपानी लोकांत संथवाले दहात एखादा. आपल्याकडे निम्म्याहून अधिक.

पुढचा धडा मद्रासचा. तिथल्या क्षय केंद्राने १९५९ मध्ये दाखवून दिलं होतं की घरी राहून घेतलेले उपचार सॅनेटोरियमइतकेच गुणकारी असतात. मग प्रश्न आला, रोज आयसोनायझिडची गोळी हवीच कशाला? आठवड्यातून दोनदा स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरच्या इंजेक्शनासोबत दिली तर निभावलं. आठवड्यातून एकदाच दिल्यावर मात्र चपळवाले मागे पडले. त्यांच्या यकृताने औषधाला जंतूंपाशी टिकूच दिलं नाही. इथे संथवाल्यांचीच सरशी झाली.

आता सरकारी उपचारांत गोळ्या रोजच्या आहेत. रोज घेतल्यावर रोग बरा होण्यात चपळ-संथ हा फरक फारसा उरत नाही. तळपायांच्या बाबतीत उरतो, आणि कोण संथ हे दवाखान्यात कुणी तपासत बसत नाही. म्हणून ब-६.