लिंक दाबली, तरी स्क्रिप्ट का चालत नाही?

कापूस वेचणीच्या दिवसांत घाटंजी-पांढरकवडा रस्त्यावरच्या कुठल्याही आपले सरकार सेवा केंद्रात डोकावा. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलवटलेल्या बाया पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी बसलेल्या दिसतील. चालक पोर्टल उघडतो, पानावरचं बटण दाबतो आणि टेबलावरच्या अंगठ्याच्या मशीनमध्ये दिवा लागतो. "मावशी, जरा दाबून धरा." पान आलं दूरच्या सर्व्हरवरून, मशीन लागली आहे इथल्या यूएसबीला. तरी पानानं ती चालू केली.

आता दुसरी गोष्ट. हाच चालक हौशी असला, तर अर्जाला लागणारे फोटो आणि सह्या ठरावीक केबीत बसवणारी एक बॅच फाइल, म्हणजे विंडोजनं ओळीनं पाळायच्या आज्ञांची छोटी स्क्रिप्ट, स्वतः लिहितो. रोजच्या कामाच्या लिंका त्यानं एका वेबपानावर मांडलेल्या असतात. तिथंच या फाइलचीही लिंक टाकतो. दाबून पाहतो, तर ढिम्म काही होत नाही. "अंगठ्याची मशीन चालते, मंग माही फाइल काहून नाही चालून राह्यली?"

प्रश्न रास्त आहे.

ब्राउझर परक्या पानाला पाहुण्यासारखं छपरीत बसवतो. पाणी मागितलं तर घरचं माणूस आणून देईल, पण पाहुण्यानं उठून माजघरात जायचं नाही. पानातली जावास्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत येणारा प्रोग्रॅम, वेगळ्या, हक्क काढून घेतलेल्या प्रक्रियेत चालते. तिला तुमची सी ड्राइव्ह दिसत नाही आणि तिथला प्रोग्रॅम सुरू करायची आज्ञा तर तिच्याकडे नाहीच. इंटरनेटवरून आलेल्या पानात संगणकावरच्या फाइलची लिंक असली, तर ब्राउझर ती उघडतच नाही. पान स्वतःच्याच डिस्कवरून उघडलं तरी फार फरक पडत नाही. क्रोम बॅच फाइल चालवत नाही, तिची एक प्रत डाउनलोड करून ठेवतो.

हे नेहमी असं नव्हतं. १९९६ साली मायक्रोसॉफ्टनं ॲक्टिव्हएक्स आणलं. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये एकदा 'हो' म्हटलं, की पानाबरोबर आलेला तुकडा वापरणाऱ्याच्या सगळ्या हक्कांनिशी संगणकावर चालायचा. 'हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उघडा' अशा सूचना सरकारी पानांवर कितीतरी वर्षं होत्या, त्यामागे बऱ्याचदा हेच असायचं. सोय मोठी होती, आणि चोरांचीही तितकीच झाली. २०१५ मध्ये क्रोमनं जुन्या पद्धतीचे प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे असेच प्रोग्रॅम, बंद केले, जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच निवृत्त झाला. माझ्या मते हे फार उशिरा झालं.

मग अंगठ्याची मशीन कशी चालते? पान आत जात नाही. आतलं कुणीतरी त्याची हाक ऐकतं. मशीन घेतली तेव्हा चालकानं तिच्यासोबत 'आरडी सर्व्हिस' नावाचा प्रोग्रॅम बसवलेला असतो. तो संगणकाच्या आतल्या पत्त्यावर, म्हणजे १२७.०.०.१ वर, कान देऊन बसतो. हा पत्ता प्रत्येक संगणकावर 'मी स्वतः' एवढाच अर्थ सांगतो. त्यावर पाठवलेला निरोप तारेवर जातच नाही. आधारच्या नियमांनुसार ही सेवा ११,१०० ते ११,१२० या पोर्टांपैकी, म्हणजे त्या पत्त्यावरच्या क्रमांकाच्या दारांपैकी, एखाद्यावर असते. पान एकेक पोर्ट ठोठावत जातं, ओ मिळाली की मशीन तयार आहे का विचारतं आणि मग ठसा मागतं. दिवा लावायचं काम आरडी सर्व्हिसचं. पानाच्या हाती ठसा उघडा पडत नाही, कुलूपबंद करूनच दिला जातो. 'डिव्हाइस नॉट रेडी' आलं की चालक आधी ही सेवा बंद करून पुन्हा सुरू करतो, त्याचं कारण हेच.

यात एक गोम आहे. १२७.०.०.१ वर हाक कुठलंही पान मारू शकतं. कुणाला ओ द्यायची, हे ऐकणाऱ्या प्रोग्रॅमनं ठरवायचं असतं, आणि ते तो दरवेळी नीट ठरवतोच असं नाही. जुलै २०१९ मध्ये झूमच्या मॅकवरच्या ॲपबाबत हेच उघड झालं. त्यानं गुपचूप असा एक स्थानिक सर्व्हर बसवला होता. भलत्याच संकेतस्थळावर गेलं तरी माणूस कॅमेऱ्यासकट मीटिंगमध्ये ओढला जाऊ शकत होता. ॲप काढून टाकलं तरी तो सर्व्हर मागे राहायचा. शेवटी ॲपलनं तो परस्पर काढला. २०२५ च्या अखेरीपासून क्रोमही अशा हाकेआधी वापरणाऱ्याला विचारू लागला आहे. घाईत 'ब्लॉक' दाबलं, तर पान मशीनपर्यंत पोचत नाही आणि बिचाऱ्या मशीनच्या नावानं शिव्या पडतात.

दुसरी वाट तुम्ही रोज वापरता. फोन नंबरच्या लिंकवर बोट ठेवलं की डायलर उघडतो, 'यूपीआय' नं सुरू होणारी लिंक पैशाचं ॲप उघडते. अशा शब्दावर कुठला प्रोग्रॅम उघडायचा, याची नोंद आधीच झालेली असते. विंडोजमध्ये ती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, राहते. आपला हौशी चालक 'फोटोकमी' असा शब्द नोंदवून त्यापुढे आपल्या स्क्रिप्टचा पत्ता देऊ शकतो. मग लिंक चालेल, ब्राउझर फक्त आधी विचारेल. पण लिंकमधला उरलेला मजकूरही स्क्रिप्टच्या हाती पडतो, आणि तो कुणीही लिहिलेला असू शकतो. बॅच फाइलनं त्यातलंच काही आज्ञा समजून चालवलं तर संपलं. ही भीती पोकळ नाही: मे २०२२ मध्ये 'फोलिना' नावानं गाजलेल्या दोषात विंडोजच्याच बिघाड शोधणाऱ्या साधनाची अशी लिंक होती. वर्डची फाइल उघडायचा अवकाश, त्या लिंकमधल्या आज्ञा चालायच्या. म्हणून फोटोंपुरतं विचाराल, तर मी लिंकचा नाद सोडायला सांगेन. बॅच फाइलचं चिन्ह डेस्कटॉपवर ठेवा आणि फोटो ओढून त्यावर सोडा. विंडोज फोटोचा पत्ता आपोआप स्क्रिप्टला देतं.

ब्राउझरला जोडलेल्या एक्स्टेंशनच्या मदतीनं स्थानिक प्रोग्रॅमशी बोलायची तिसरी सोयही आहे, पण तिथंही तो प्रोग्रॅम आधी हातानं बसवावा लागतोच.

एवढी दारं बंद झाल्यावर चोरांनी माणसाचाच हात धरला. २०२४ पासून पसरलेल्या एका फसवणुकीत पान म्हणतं, 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा.' मग पायऱ्या येतात: विंडोजचं बटण आणि आर दाबा (यानं आज्ञा लिहायची 'रन' खिडकी उघडते), कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर करा. पानानं तेवढ्यात क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर राहतो तिथं, आज्ञा ठेवलेली असते. ब्राउझरनं काहीच चालवलेलं नसतं, चालवणारे आपणच. कुठलीही खरी तपासणी 'रन'ची खिडकी उघडायला सांगत नाही.

आपल्या संगणकावर कोणकोणत्या शब्दांची नोंद आहे, हे विंडोज ११ मध्ये पाहता येतं. सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात डिफॉल्ट ॲप्स, आणि तळाशी लिंकच्या प्रकारानुसार निवड करायची यादी. कान देऊन बसलेले प्रोग्रॅम रिसोर्स मॉनिटरच्या नेटवर्क टॅबवर 'लिसनिंग पोर्ट्स' खाली दिसतात. सेवा केंद्राच्या संगणकावर तिथं आरडी सर्व्हिस असायलाच हवी. तीन वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या मशीनची सर्व्हिस अजून तिथं दिसत असेल, तर ती काढून टाकावी.