कॅलिफोर्निकेशन (दूरचित्रवाणी मालिका) : समीक्षा आणि वाद

अमेरिकेतील शोटाइम या सशुल्क वाहिनीवर १३ ऑगस्ट २००७ ते २९ जून २०१४ या काळात दाखवली गेलेली अर्ध्या तासाची विनोदी मालिका. जनक व प्रमुख लेखक टॉम केपिनॉस. एकूण सात पर्वे, प्रत्येकी बारा भाग, म्हणजे ८४ भाग. नायक हँक मूडी (डेव्हिड डुकोव्हनी) हा न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला आलेला कादंबरीकार. त्याच्या ‘गॉड हेट्स अस ऑल’ या कडवट कादंबरीवर हॉलिवूडने एक गोडगोड प्रेमपट काढला आहे, त्यानंतर त्याचे लिखाण थांबले आहे, आणि दारू, सिगारेट व शरीरसुख यांत तो दिवस काढतो आहे. दुरावलेली जोडीदार कॅरन (नताशा मॅकेलहोन) आणि मुलगी बेका (मॅडलिन मार्टिन) यांना परत मिळवण्याची त्याची धडपड हा कथेचा कणा. मालिकेच्या समीक्षेत पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांनी येत राहिला : ही मालिका आपल्या भोगवादी नायकाकडे डोळसपणे पाहते, की त्याचे लाड करते?

मालिका आली तो काळ या प्रश्नाला पोषक होता. एचबीओ वाहिनीवरील ‘द सोप्रानोज’ (नायक माफिया टोळीचा म्होरक्या टोनी सोप्रानो) दोनच महिन्यांपूर्वी, जून २००७ मध्ये, संपली होती. शोटाइमकडे गांजा विकणारी विधवा (‘वीड्स’) आणि खुनी रक्ततज्ज्ञ (‘डेक्स्टर’) हे नायक आधीच होते, आणि नवी मालिका ‘वीड्स’च्या तिसऱ्या पर्वाला जोडूनच सुरू करण्यात आली. दोष असलेल्या नायकाची समीक्षकांना सवय झाली होती. फरक असा की टोनी सोप्रानो किंवा डेक्स्टर यांच्या गुन्ह्यांबद्दल कथेला संशय नव्हता. हँकच्या वर्तनाला मात्र कथा कधी दुखणे म्हणते, कधी ऐट. पहिल्या परीक्षणांतील मतभेद बरेचसे या दुहेरीपणातून आले असावेत.

डुकोव्हनी यांच्या कामाबद्दल मात्र फारसा वाद झाला नाही. ‘द एक्स-फाइल्स’मध्ये कमावलेली त्यांची निर्विकार, ओठांतल्या ओठांत बोलण्याची शैली इथे विनोदाच्या कामी आली आणि मालिका न आवडलेल्यांनीही ते मान्य केले. जानेवारी २००८ मध्ये त्यांना विनोदी मालिकेतील सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा गोल्डन ग्लोब मिळाला. त्या वर्षी पटकथालेखकांच्या संपामुळे सोहळा रद्द होऊन निकाल पत्रकार परिषदेत वाचून दाखवले गेले. मालिकेलाही त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचे नामांकन होते. पुढे २००९, २०१० आणि २०१२ मध्ये डुकोव्हनी यांना याच गटात पुन्हा नामांकने मिळाली. एमी पुरस्कार मिळाले ते छायाचित्रणासाठी. अभिनय आणि लेखन या मुख्य गटांत मालिका मागेच राहिली, आणि समीक्षकवर्गाच्या हातचे राखून केलेल्या कौतुकाशी हे जुळते.

हँक मूडीचे मूळ कोणते, हा मालिकेविषयीच्या लेखनातील सर्वांत रेंगाळलेला मुद्दा आहे. रूढ मत असे की हँक हा चार्ल्स ब्यूकोव्स्की (१९२०–१९९४) या कवी-कादंबरीकाराचा दूरचा वारस. या मताला आधार आहे. ब्यूकोव्स्कीचे नाव हेन्री, मित्र त्याला हँक म्हणत, आणि त्याच्या आत्मचरित्रात्मक कादंबऱ्यांचा नायकही हेन्री चिनास्की. गाव लॉस एंजेलिस, व्यसने तीच, स्त्रियांची रांग तीच. आणखी एक साम्य आहे, ज्याची दखल क्वचित घेतली जाते. ब्यूकोव्स्कीने १९६७ च्या सुमारास ओपन सिटी या लॉस एंजेलिसमधील पर्यायी वृत्तपत्रात बेधडक स्तंभ लिहून नाव मिळवले. पहिल्या पर्वात हँकही ‘हेल-ए’ नावाच्या मासिकासाठी नाइलाजाने ब्लॉग लिहितो आणि त्याच चिडलेल्या मजकुरामुळे नव्या वाचकांपर्यंत पोचतो.

तरीही हे साम्य वरवरचे आहे, असे मानणारा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. ब्यूकोव्स्की बालपणी जर्मनीतून आलेला आणि लॉस एंजेलिसमध्येच वाढलेला. ते शहर त्याला आवडो न आवडो, त्याचे होते. हँक न्यूयॉर्ककर आहे आणि कॅलिफोर्नियाचा तिरस्कार ही त्याची ओळख आहे. त्या दृष्टीने तो पैशासाठी पश्चिमेला येऊन तिथे कुजत गेलेल्या पूर्वेकडील लेखकांच्या, म्हणजे हॉलिवूडसाठी लिहिणाऱ्या एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड या कादंबरीकाराच्या अखेरच्या वर्षांच्या परंपरेला जवळचा. दुसऱ्या पर्वातील संगीतनिर्माता ल्यू ॲशबी, त्याची प्रचंड हवेली आणि गमावलेल्या प्रेयसीचा ध्यास ही तर फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीच्या नायकाची उघड आठवण आहे. एका भागाचे शीर्षकच ‘द ग्रेट ॲशबी’ आहे. शिवाय वर्गाचा प्रश्न येतो. चिनास्की टपाल खात्यात राबतो, भाड्याच्या खोल्यांत राहतो, कुरूप आहे आणि ते जाणून आहे. हँककडे फुटक्या दिव्याची का होईना पण पोर्शेसारखी महागडी गाडी आहे, आणि खोलीत शिरताच माना त्याच्याकडे वळतात. ब्यूकोव्स्कीच्या लेखनात सुखाची किंमत शरीराने आणि दारिद्र्याने चुकवली जाते. तो हिशेब काढून टाकला की उरते ती नुसती वेशभूषा.

कादंबऱ्यांची नावे पाहिली तर तिसरे मूळ समोर येते, आणि प्रस्तुत नोंदीला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. ‘साउथ ऑफ हेवन’, ‘सीझन्स इन द ॲबिस’ आणि ‘गॉड हेट्स अस ऑल’ ही हँकच्या पुस्तकांची नावे स्लेयर या कॅलिफोर्नियातील थ्रॅश मेटल (वेगवान, आक्रमक रॉक) वाद्यवृंदाच्या अनुक्रमे १९८८, १९९० आणि २००१ च्या अल्बमांची आहेत. ‘गॉड हेट्स अस ऑल’वर निघालेल्या काल्पनिक चित्रपटाचे नाव क्वीन या रॉक वाद्यवृंदाच्या गाण्यावरून घेतले आहे. हँकचा आवडता कलावंत गायक-गीतकार वॉरन झिव्हॉन (१९४७–२००३), मुलगी गिटार वाजवते, आणि शेवटच्या प्रसंगांना आधार देणारे गाणे एल्टन जॉनचे ‘रॉकेट मॅन’ आहे. थोडक्यात, लेखक म्हणून मांडलेला हा माणूस घडला आहे रॉक संगीताच्या पुराणकथेतून. तो लिहिताना क्वचितच दिसतो, वाचताना त्याहून क्वचित. साहित्यिकांच्या अंगाने आलेल्या टीकेत ‘लेखकाच्या आयुष्याचे हे चित्र खोटे आहे’ अशी तक्रार असते. हँककडे कादंबरीकाराच्या कपड्यांतला रॉकगायक म्हणून पाहिले की त्या तक्रारीचा रोख बदलतो. मग कामाचे तास न दिसणे खटकत नाही. रंगमंचाबाहेरचा गायक कथांमध्ये असाच दिसत आला आहे.

संगीताशी असलेले हे नाते न्यायालयातही पोचले. ‘कॅलिफोर्निकेशन’ हे रेड हॉट चिली पेपर्स या वाद्यवृंदाच्या १९९९ च्या अल्बमचे आणि गाण्याचे नाव. नोव्हेंबर २००७ मध्ये वाद्यवृंदाने शोटाइम आणि निर्मात्यांवर लॉस एंजेलिसमध्ये दावा लावला. शीर्षकाबरोबरच पहिल्या पर्वातील ‘डॅनी कॅलिफोर्निया’ या पात्राचाही त्यात उल्लेख होता, कारण त्या नावाचे त्यांचे गाणे २००६ मध्ये आले होते. केपिनॉस यांनी आधीच सांगितले होते की हे नाव त्यांना १९७० च्या दशकातील एका गाडीवरच्या चिकटपट्टीवरून सुचले. ओरेगनमधल्या लोकांनी कॅलिफोर्नियातून येणाऱ्या लोंढ्यांविरुद्ध अशा पट्ट्या लावल्या होत्या. या शब्दाचे रूप १९७२ च्या सुमारास टाइम साप्ताहिकातही छापले गेले होते, त्यामुळे शब्द वाद्यवृंदाने घडवला हे म्हणणे टिकण्याजोगे नव्हते. मात्र १९९९ नंतर तो शब्द उच्चारला की आठवते ते गाणेच, हाही मुद्दा पोकळ नाही. वाद पुढे न्यायालयाबाहेर मिटला असे मानले जाते. मालिकेने नाव कायम ठेवले.

नैतिक आक्षेपांचे स्वरूप देशागणिक बदलले. ऑस्ट्रेलियात नेटवर्क टेनने २००७ च्या ऑगस्टअखेर मालिका सुरू केली तेव्हा पहिल्याच भागाच्या सुरुवातीचे स्वप्नदृश्य, ज्यात चर्चमध्ये एक जोगीण हँकशी रत होते, तेथील ख्रिस्ती संघटनांच्या रोषाचे कारण झाले. निदर्शने झाली, जाहिरातदारांवर दबाव आणला गेला आणि अनेकांनी जाहिराती काढून घेतल्या. वाहिनीने प्रक्षेपण चालू ठेवले. अमेरिकेत वाहिनी पैसे भरून घ्यायची आणि जाहिरातींविना चालणारी, त्यामुळे तेथे असा दबाव लागू पडण्याला जागा नव्हती. दोन्ही देशांत चर्चा धर्मनिंदेवर आणि नग्नतेवर अडकली, आणि त्या गदारोळात त्याच पहिल्या भागातील खरोखर गंभीर गोष्ट बाजूला पडली.

ती गोष्ट म्हणजे मिया लुईस (मॅडलिन झीमा) हिचे कथानक. पुस्तकांच्या दुकानात भेटलेल्या मुलीशी हँकचा एका रात्रीचा संबंध येतो; ती कॅरनच्या होणाऱ्या नवऱ्याची मुलगी आहे आणि सोळा वर्षांची आहे, हे त्याला नंतर कळते. वडिलांच्या मृत्यूनंतर हँक अखेर एक छोटी कादंबरी लिहितो, तर मिया ती पळवून स्वतःच्या नावावर छापते, आणि गुपित फुटण्याच्या भीतीने तो गप्प राहतो. पहिल्या पर्वाच्या बाजूने बोलणारे समीक्षक याच धाग्याकडे बोट दाखवतात, आणि ते योग्य आहे : नायकाचे पाप आणि त्याची एकमेव नवी कलाकृती एकाच व्यक्तीच्या हाती आहेत, आणि लेखकाला लेखकपण मिळवायचे तर गुन्हा कबूल करावा लागेल. विनोदी मालिकेत इतकी घट्ट वीण क्वचित आढळते. विरोधी बाजूचे म्हणणे असे की कथेने मियाला डावपेच करणारी, हँकहून शहाणी दाखवून त्याची जबाबदारी हलकी केली. मुलीच्या वयाचा प्रश्न तिच्या धूर्तपणाआड दडवला. हा आक्षेप खोडून काढणे अवघड आहे. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस (डिसेंबर २००९) सत्य बाहेर येते, कॅरनला कळते, हँकला अटक होते; तो भाग अनेकांच्या मते मालिकेतील सर्वोत्तम भागांपैकी एक. चौथे पर्व (२०११) खटल्याचे आहे. हँक तुरुंगवासातून सुटतो, आणि येथे समीक्षक पुन्हा दुभंगले, कारण परिणाम दाखवण्याची तयारी ठेवून मालिकेने शेवटी परिणाम टाळला असे वाटण्यास जागा होती.

स्त्रीपात्रांच्या चित्रणावर सातत्याने टीका झाली. एका भागापुरत्या येणाऱ्या स्त्रिया बहुधा हँकच्या मोहकतेचा पुरावा म्हणून येतात, ही तक्रार रास्त आहे. कॅरनला मॅकेलहोन यांनी दिलेली शांत, थकलेली बुद्धिमत्ता लिखाणात उतरलेली नाही. ती वाट पाहणारी आणि माफ करणारी राहते. याला अपवाद दोन. बेका ही मालिकेची सदसद्विवेकबुद्धी आहे, आणि बाप-लेकीचे प्रसंग हे मालिकेचे सर्वांत प्रामाणिक लेखन असल्याबद्दल अनुकूल-प्रतिकूल दोन्ही पक्षांचे जवळजवळ एकमत आहे. दुसरी मार्सी (पामेला ॲडलॉन) : हँकचा साहित्यिक एजंट चार्ली रंकल (इव्हान हँडलर) याची बायको, पुरुषांइतकीच शिवराळ आणि स्वतःच्या भुकेबद्दल निःसंकोच. ॲडलॉन यांच्या विनोदशक्तीचे मोल पुढे त्यांच्या स्वतंत्र कामामुळे अधिक कळले.

कलावंत आणि पात्र यांची सरमिसळही समीक्षेत शिरली. ऑगस्ट २००८ मध्ये, दुसरे पर्व सुरू होण्याच्या तोंडावर, डुकोव्हनी यांनी कामवासनेच्या व्यसनावर उपचार घेत असल्याचे स्वतः जाहीर केले. त्यानंतरच्या कित्येक परीक्षणांत मालिका आत्मचरित्रासारखी वाचली गेली. असे वाचन टाळलेलेच बरे. लेखन केपिनॉस यांचे आहे, आणि डुकोव्हनी यांचे साहित्याशी नाते प्रिन्स्टन व येल येथील इंग्रजी साहित्याच्या अभ्यासातून आलेले, पात्राहून कितीतरी शिस्तीचे आहे. २०१५ पासून त्यांनी स्वतःच्या नावाने कादंबऱ्याही प्रसिद्ध केल्या. हँक मूडीच्या नावावर ‘गॉड हेट्स अस ऑल’ हे पुस्तक मात्र २००९ मध्येच, मालिकेच्या प्रसिद्धीसाठी, बाजारात आले होते.

पाचव्या पर्वापासून परीक्षणांची संख्या घटली आणि सूर सारखा झाला. रॅपगायक सॅमुराय अपॉकलिप्स (आरझेडए), रॉकगायक ॲटिकस फेच (टिम मिंचिन) असे पाहुणे आले, सातव्या पर्वात हँक दूरचित्रवाणी मालिकेच्या लेखकांच्या खोलीत पोचला. पण वर्तुळ तेच, हा निष्कर्ष बहुतेकांनी काढला. एकाच माणसाचे पुनःपुन्हा घसरणे ही व्यसनाची खरी चाल आहे, असा बचाव काहींनी केला. तो तत्त्वतः मान्य होण्यासारखा असला तरी घसरण दाखवण्यासाठी उंची बदलावी लागते, आणि उत्तरार्धात हँक ना खाली जातो ना वर येतो. शोटाइमने २०१३ च्या अखेरीस सातवे पर्व शेवटचे असल्याचे जाहीर केले, तेव्हा समीक्षकांकडून फारशी हळहळ व्यक्त झाली नाही.

२०१७ नंतर मनोरंजनक्षेत्रातील लैंगिक शोषणाची चर्चा उघडपणे होऊ लागली आणि मालिकेकडे पाहण्याची नजर बदलली. पूर्वी परीक्षणांत नायकाचा आगाऊपणा म्हणून उल्लेखिल्या गेलेल्या गोष्टी आता सत्तेच्या प्रश्नाखाली येतात : प्राध्यापक हँक आणि विद्यार्थिनी (तिसरे पर्व), एजंट चार्ली आणि त्याची सहायक (पहिले पर्व). चार्लीचे कार्यालयातील प्रकरण तर मालिकेने निव्वळ प्रहसन म्हणून रंगवले होते. नव्या वाचनात मियाचे कथानक सर्वांत पुढे आहे, आणि २००७ मध्ये ज्या जोगिणीच्या दृश्यावर निदर्शने झाली त्याचा उल्लेख क्वचितच होतो.