कवटीत सुजेला जागा नसते

घोटा मुरगळला की सुजतो. रक्तवाहिन्या पाझरतात, पांढऱ्या पेशी बाहेर येतात, कातडी ताणली जाते आणि चार दिवसांत सगळे ओसरते. विषाणू मेंदूत शिरून मेंदूदाह झाला, की तिथे हीच क्रिया जिवावर बेतू शकते. प्रौढ कवटीत साधारण १४०० मिलीलिटर मेंदू, मेंदू आणि पाठीच्या कण्याभोवती खेळणारे १५० मिलीलिटर पाणी आणि जवळपास तेवढेच रक्त असते आणि भोवती हाडाची भिंत. सूज येऊ लागली की आधी पाणी आणि शिरांतले रक्त बाहेर सरकून जागा करून देतात. ती सोय संपली की मग थोड्याशा सुजेनेही दाब झपाट्याने चढतो, रक्तपुरवठा तुटतो आणि श्वास चालवणारे मेंदूखोड दाबले जाते.

मुळात विषाणूला आत शिरणेच अवघड. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात. एचआयव्ही पांढऱ्या पेशींच्या आत लपून ही वेस ओलांडतो. रेबीजचा विषाणू रक्ताच्या वाटेला जातच नाही. चाव्याच्या जागेवरून चेतातंतूंतून उलटा प्रवास करत वर चढतो. ओठांवर फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स-१ चेहऱ्याच्या चेतेच्या गाठीत जन्मभर निजून राहतो आणि क्वचित मेंदूत उतरतो. नागीण ज्याने होते तो विषाणू याचा भाऊबंद, पण वेगळा.

शिरलेल्या विषाणूचा जनुकीय माल ओळखला गेला की पेशी इंटरफेरॉन नावाचे इशारा देणारे रेणू सोडतात आणि शेजारच्या पेशी सावध होतात. ही पहिली फळी किती मोलाची, ते काही मुलांवरून कळले. टीएलआर-३ नावाच्या ओळखयंत्रणेत जन्मजात दोष असलेल्या या मुलांना हर्पिसचा मेंदूदाह होतो. इतर बहुतेक जंतूंशी मात्र ती नीट लढतात.

मेंदूतल्या पहारेकरी पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, मग टीएनएफ, इंटरल्युकिन-१ असे दाहक रेणू सोडतात. केशवाहिन्यांचे सांधे सैल होतात, रक्तातले पाणी आणि टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी आत येतात. टी-पेशी बाधित पेशींना मारतात. यकृतात हे परवडते, तिथे नव्या पेशी तयार होतात. गेलेली चेतापेशी सहसा परत येत नाही. त्यातच चेतापेशींना उत्तेजित करणारे ग्लुटामेट साचते, पेशींत कॅल्शियम प्रमाणाबाहेर घुसते, झटके येतात आणि विषाणूने न शिवलेल्या पेशीही मरतात.

म्हणून दाहालाच शत्रू ठरवावे, तर रेबीज आडवा येतो. त्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली दाहाच्या खुणा अनेकदा आश्चर्य वाटावे इतक्या थोड्या दिसतात, आणि लक्षणे सुरू झाल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.

हर्पिस बहुधा कानशिलामागचा भाग गाठतो, म्हणजे स्मृती आणि भाषेचे घर. ताप, डोकेदुखी आणि सोबत असंबद्ध बोलणे, विसरणे, विचित्र वागणे दिसले तर ते मानसिक ठरवून थांबू नये. तातडीने रुग्णालय गाठावे. मेंदूभोवतीचे हेच पाणी कमरेतून सुईने काढून तपासतात. त्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, साखर बहुधा नेहमीइतकीच असते. जिवाणूंच्या आजारात ती घटते. त्याच पाण्याची पीसीआर तपासणी विषाणूचा जनुकीय माल शोधून त्याला पकडते, पण पहिल्या तीन दिवसांत विषाणू असूनही ती नकारात्मक येऊ शकते. अशा वेळी संशय दाट असेल तर औषध चालू ठेवून काही दिवसांनी पुन्हा पाणी तपासतात.

औषध म्हणजे अ‍ॅसायक्लोव्हिर. मोठ्यांना किलोमागे १० मिलिग्रॅम, दर ८ तासांनी, शिरेतून, १४ ते २१ दिवस. गोळ्यांनी मेंदूत पुरेशी मात्रा पोचत नाही. प्रत्येक डोस तासभर सावकाश देतात आणि शरीरात पाणी भरपूर ठेवतात, नाहीतर औषधाचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. उपचाराविना सुमारे ७० टक्के रोगी दगावतात. अहवालाची वाट पाहत पहिला डोस लांबवणे ही सगळ्यांत महागडी चूक.

बरे होऊन घरी गेलेला रोगी काही आठवड्यांत पुन्हा बिघडला तर विषाणू परतला असे वाटणे साहजिक आहे. पुष्कळदा तसे नसते. मेलेल्या पेशींचे तुकडे पाहून शरीर चेतापेशींवर संदेश झेलणाऱ्या स्वतःच्याच एनएमडीए ग्राहींविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागले असावे. लहान मुलांत हातापायांच्या, चेहऱ्याच्या विचित्र हालचाली दिसतात. मोठ्यांत वागणे बदलते. पाणी पुन्हा तपासावे लागते: विषाणू नाही आणि प्रतिपिंडे आहेत, असे आढळले तर अ‍ॅसायक्लोव्हिर वाढवून उपयोग नसतो, स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणे लागते.