थायरॉइड संप्रेरक प्रतिरोध आणि पिट्युटरीची गाठ

रक्तात थायरॉइडचं हार्मोन भरपूर आहे पण शरीरातल्या पेशी त्याला नीट दाद देत नाहीत, अशा जन्मजात अवस्थेला थायरॉइड संप्रेरक प्रतिरोध किंवा थायरॉइड हार्मोन रेझिस्टन्स म्हणतात. सॅम्युएल रेफेटॉफ आणि सहकाऱ्यांनी 1967 मध्ये एका कुटुंबातल्या भावंडांवरून याचं पहिलं वर्णन केलं. बहुतेक रुग्णांत तिसऱ्या गुणसूत्रावरच्या टीएचआरबी या जीनमध्ये बिघाड असतो, या जीनवरून बीटा रिसेप्टर, म्हणजे पेशीत हार्मोन ओळखणारं प्रोटीन, बनतो. साधारण 40 हजार जन्मांमागे एक असं प्रमाण सांगितलं जातं. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून बिघडलेली प्रत आली तरी पुरते, म्हणजे प्रत्येक मुलाला 50 टक्के शक्यता.

एरवी टी३, टी४ ही थायरॉइडची हार्मोन्स वाढली की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) सोडणं जवळपास बंद करते, ग्रेव्ह्ज या थायरॉइड जास्त काम करण्याच्या आजारात रिपोर्टवर टीएसएच तळाला गेलेला दिसतो तो म्हणूनच. प्रतिरोधात मात्र पिट्युटरीला वाढलेलं हार्मोन नीट जाणवतच नाही, त्यामुळे टी४ जास्त आणि टीएसएच नॉर्मल किंवा थोडा वाढलेला, असा चक्रावून टाकणारा रिपोर्ट येतो. गळ्याला गलगंड असतो, आणि हृदयात मुख्यतः अल्फा रिसेप्टर (दुसऱ्या जीनवरून बनणारा, म्हणून न बिघडलेला) असल्यामुळे ते हार्मोनला व्यवस्थित प्रतिसाद देतं, म्हणून छातीत धडधड होते. काही मुलांमध्ये चंचलपणा आणि लक्ष न लागणं हेही दिसतं.

अडचण अशी की अगदी असाच रिपोर्ट टीएसएच बनवणाऱ्या पिट्युटरीच्या गाठीतही येतो. ही गाठ दुर्मिळ आहे, पिट्युटरीच्या सगळ्या गाठींत 3 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी. मग वाटतं एमआरआय काढला की झालं, पण तसं होत नाही, कारण काहीच त्रास नसलेल्या साधारण दर दहा माणसांत एकाच्या पिट्युटरीत छोटी गाठ सापडू शकते आणि ती प्रतिरोध असलेल्या माणसातही सापडते. नुसत्या एमआरआयवर विसंबून ऑपरेशन ठरवणं म्हणूनच चुकीचं आहे.

आधी टेस्टच चुकलेली नाही ना हे बघतात, कारण केस-नखांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या किंवा रक्तातल्या काही अँटिबॉडी आकडे बिघडवतात. मग घरच्यांची तपासणी आणि जीन टेस्ट. गाठीत अल्फा सबयुनिट (टीएसएचच्या रेणूचा एक भाग) आणि यकृतात बनणारं एसएचबीजी हे प्रोटीन बऱ्याचदा वाढतं, प्रतिरोधात दोन्ही सहसा नॉर्मल असतात (गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एसएचबीजीवर भरवसा ठेवू नये). टी३ देऊन टीएसएच दबतो का हेही पाहतात, प्रतिरोधात तो थोडाफार दबतो, गाठीत सहसा नाही, पण वयस्कर किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना ही टेस्ट देत नाहीत.

दोन्ही खरोखर एकत्र असलेले रुग्ण मोजकेच नोंदले गेलेत. टीएसएच बनवणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं कामाला जुंपलेल्या राहिल्या की त्यांतून गाठ होत असावी असा एक तर्क आहे, आणि टीएचआरबीच्या दोन्ही प्रती बिघडवलेल्या उंदरांमध्ये अशा गाठी झालेल्या दिसल्यात. उलट काही रुग्णांत रिसेप्टरचा बिघाड फक्त गाठीच्या पेशींतच सापडलाय, बाकी शरीर व्यवस्थित. एक तिसरा प्रकार आहे आणि तो खरं तर टाळता येण्यासारखा आहे: प्रतिरोध न ओळखता साधा हायपरथायरॉइड (थायरॉइड जास्त काम करणं) समजून थायरॉइड काढली किंवा तिच्या पेशी मारणारं रेडिओआयोडीन दिलं तर टीएसएच प्रचंड वाढतो, पिट्युटरी फुगते आणि स्कॅनवर ती गाठीसारखीच दिसते.

नुसत्या प्रतिरोधाला पुष्कळदा औषध लागतच नाही, धडधडीसाठी बीटा ब्लॉकर देतात, काहींना ट्रायॅक हे थायरॉइड हार्मोनसारखं औषध. टीएसएचच्या गाठीला नाकावाटे ऑपरेशन, नाहीतर टीएसएच कमी करणारी ऑक्ट्रिओटाइडसारखी इंजेक्शनं. दोन्ही असतील तर गाठ हार्मोन सोडते का, वाढतेय का, नजरेच्या नसेवर दाब आहे का यावर निर्णय घ्यावा लागतो. आणि गाठ पूर्ण निघाली तरी अशा रुग्णाचा टी४ वाढलेलाच राहतो कारण जीन तोच आहे, त्यामुळे टी४ नॉर्मल आला नाही म्हणजे ऑपरेशन फसलं असं धरायचं नाही आणि तो खाली आणायला औषधांचा डोसही वाढवत न्यायचा नाही, पुढचा फॉलोअप एमआरआय, अल्फा सबयुनिट आणि पेशंटच्या तक्रारी यांवर करायचा.